बाल-किशोर मानसोपचार ओपीडीत फील्डवर्क लागलंय पण नुसती हिस्ट्री घ्यायला लावतात, यात शिकायचं काय?

बाकीच्यांना कळावं म्हणून तुझा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते. एमएसडब्ल्यूचं (सोशल वर्कमधल्या मास्टर्सचं) दुसरं वर्ष, एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या बाल-किशोर मानसोपचार ओपीडीत फील्डवर्क मिळालंय, आठवड्यातून दोन दिवस जातेस. तिथं तुझ्याकडून हिस्ट्री, म्हणजे पेशंटची आणि घरची सगळी माहिती, लिहून घेतात, न आलेल्या पेशंटांना फोन करायला लावतात, योजनांचे फॉर्म भरायला देतात, आणि काउन्सेलिंग मात्र रेसिडेंट डॉक्टर नाहीतर सायकॉलॉजिस्ट करतात. तर वर्ष वाया चाललंय का?

सरळ सांगते, नाही चाललेलं. तुला जे काम हलकं वाटतंय तेच ओपीडीतल्या सोशल वर्करचं मुख्य काम आहे, आणि ते नीट झालं नाही तर आत डॉक्टरांनी कितीही अचूक निदान केलं तरी पोरगं पुढच्या महिन्यात दिसत नाही. मी बरीच वर्षं अशाच ओपीडीत पीएसडब्ल्यू, म्हणजे सायकियाट्रिक सोशल वर्कर, म्हणून काम करतेय, दरवर्षी फील्डवर्कची मुलं माझ्याकडे येतात, आणि दिवाळीच्या आसपास जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो. फक्त एक अट आहे, सुपरविजन मिळायला हवं, त्यावर पुढे लिहिते.

आधी ओपीडी म्हणजे काय ते नीट बघ. वॉर्डात अ‍ॅडमिट असलेला पेशंट चोवीस तास कुणाच्या तरी नजरेसमोर असतो. ओपीडीतलं मूल सकाळी केसपेपरच्या लायनीत उभं राहतं, मामा नंबर पुकारतात, आत पंधरा-वीस मिनिटं मिळतात, गोळ्या लिहून होतात आणि पंधरा दिवसांनी यायला सांगतात. त्या पंधरा दिवसांत ते मूल कुठे असतं? घरात, शाळेत, क्लासला, मित्रांत, मोबाइलवर. आजार तिथेच वाढतो आणि बरा व्हायचा असेल तर तिथेच होतो. ते पंधरा दिवस बघायचं काम ज्याचं, तो सोशल वर्कर. आणि ही काही नवी कल्पना नाही, १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, म्हणजे आजचं टिस, सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी, १९३७ ला, त्याच स्कूलने देशातलं पहिलं चाइल्ड गायडन्स क्लिनिक काढलं. म्हणजे आपल्याकडे मुलांच्या मानसिक आरोग्याची सुरुवातच सोशल वर्कच्या घरातून झालीय, आपण नंतर कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेले पाहुणे नाही.

आता फोन. तू लिहिलंयस की न आलेल्या पेशंटांना फोन करणं म्हणजे क्लार्कचं काम. एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. नववीतला मुलगा, दिवाळीनंतर त्याचं शाळेत जाणं बंद, रोज सकाळी पोट दुखतं, डोकं दुखतं, सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या म्हणून बालरोग विभागाने आमच्याकडे पाठवला. दोनदा आला, मग गायब. केसपेपरवर शेरा पडला की पालक सहकार्य करत नाहीत. माझ्याकडच्या विद्यार्थिनीने आईला फोन केला, पण ‘का आला नाहीत’ असं विचारलंच नाही तिने, तिने विचारलं, ‘ताई, मागच्या वेळी तुम्ही घरून किती वाजता निघाला होतात?’ बस, त्या एका प्रश्नावर आई बोलायला लागली. पहाटे निघायचं, ट्रेन, मग बस, मग लाइन, घरी पोचेपर्यंत चार वाजून जातात. ती चार घरी स्वयंपाक करते, दोन खाडे झालेत, तिसरा झाला तर दोन घरं सुटणार होती. नवरा मार्केटमध्ये माल उतरवायला जातो, त्याला सुट्टी म्हणजे मजुरी बुडाली. आणि गोळीने पोराला सकाळी उठवत नव्हतं, म्हणून सासूने गोळी बंद करायला लावलेली.

यात सहकार्य न करणारं कोण आहे सांग. आम्ही काय केलं, डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळ बदलून घेतली, फॉलो-अप तिच्या सुट्टीच्या वाराला आणला, मधल्या वेळी घराजवळच्या पालिकेच्या हॉस्पिटलमधून गोळ्या मिळतील अशी चिठ्ठी करून घेतली. मूल परत यायला लागलं. मग त्याच विद्यार्थिनीने हिस्ट्री पुन्हा नीट घेतली आणि विचारलं की शाळेत जाणं बंद झालं त्याच्या आदल्या दिवशी वर्गात काय झालं होतं. तर मराठीच्या तासाला उभं करून धडा वाचायला लावला होता, तो अडखळत होता आणि वर्ग हसत होता. पहिलीपासून त्याला वाचता येत नव्हतं नीट, घरच्यांना वाटायचं आळशी आहे. एलडीच्या, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटीच्या, टेस्टिंगला पाठवला. डिप्रेशन होतंच, ते नाही म्हणत नाहीये मी, पण त्याच्या खाली हे होतं आणि ते पंधरा मिनिटांच्या तपासणीत निघणं शक्य नव्हतं. फोन आणि हिस्ट्री, याच दोन गोष्टींनी निघालं.

त्यामुळे हिस्ट्री कशी घेतेस याच्यावर मेहनत घे. फॉर्मवरचे रकाने वरून खाली वाचत गेलीस तर रकाने भरतील, बाकी काही कळणार नाही. मुलांना ‘अभ्यास कसा चाललाय’ या प्रश्नाने सुरुवात करू नको, तो प्रश्न त्यांना घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो आणि त्यांना माहितीये की उत्तर काहीही दिलं तरी पुढे लेक्चरच येणार. कालचा दिवस विचार. उठलास किती वाजता, पहिल्यांदा कोणाशी बोललास, जेवलास कोणाबरोबर, रात्री झोपायला कुठे, खोलीत अजून कोण झोपतं, फोन कोणाचा आहे, स्वतःचा की आईचा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं झोपत असतील आणि वडील रात्री पिऊन येत असतील तर त्या मुलीच्या झोपेची तक्रार वेगळ्याच पद्धतीने कळते. जीनोग्राम, म्हणजे घरातल्या नात्यांचा नकाशा, कॉलेजमध्ये शिकवलाय ना, तो पेशंटसमोर कागदावर काढ, मुलं स्वतः पेन घेऊन दुरुस्त करतात आणि ज्या काकाचं नाव आलं की पेन थांबतो ते लक्षात ठेव.

मुलाशी एकट्याने बोलायचा वेळ काढणं हे प्रत्येक केसमध्ये झालंच पाहिजे. आईवडिलांना घालवून दिल्यासारखं वाटू न देता करायचं, ‘काकू, आधी तिघं मिळून बोलू, मग मी दहा मिनिटं हिच्याशी बोलते, मग दहा मिनिटं फक्त तुमच्याशी,’ असं सुरुवातीलाच सांगितलं की कोणी नाराज होत नाही. आणि एकट्याने बोलायला बसलीस की पहिलं वाक्य गुप्ततेचं. ‘मी कोणालाच काही सांगणार नाही’ असं वचन कधीही द्यायचं नाही, कितीही रडत असलं मूल तरी नाही. मी विद्यार्थ्यांकडून हे वाक्य पाठच करून घेते: ‘तू जे सांगशील ते मी आईबाबांना किंवा शाळेत सांगत बसणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल, कुणी तुला त्रास देत असेल, किंवा तुझ्याकडून दुसऱ्या कुणाला इजा होईल असं वाटलं, तर मला माझ्या मॅडमना सांगावं लागेल, आणि ते मी तुला आधी सांगून करीन.’

यामागे कायदा आहे म्हणून हे इतकं ठासून लिहितेय. पॉक्सो, २०१२ चा कायदा, कलम १९: अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झालाय किंवा होऊ शकतो हे ज्याला कळलं त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायलाच हवं, आणि न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. ‘ज्याला कळलं’ यात तू पण येतेस, विद्यार्थिनी आहे म्हणून सूट नाही. आता प्रत्यक्षात काय होतं, सतरा वर्षांची मुलगी एकोणीस वर्षांच्या मुलाबरोबरच्या रिलेशनशिपबद्दल विश्वासाने सांगते, तिच्या मनात तो अत्याचार नसतोच, पण कायद्यात अठराखाली संमतीला किंमत नाही. यामुळे कितीतरी मुली आमच्यापर्यंत येतच नाहीत किंवा येऊन गप्प बसतात, मला याचं फार वाईट वाटतं आणि यावर बदल व्हायला हवा असं माझं मत आहे. पण ते मत तुझ्या ओपीडीच्या टेबलावर एकटीने अंमलात आणायचं नाही. असं काही कानावर आलं की त्याच दिवशी, घरी जायच्या आधी, सुपरवायझरला सांगायचं, पुढचं हॉस्पिटलच्या पद्धतीने होतं. मुलीला मधेच तोडून ‘पुढे बोलू नकोस’ असंही करायचं नाही. म्हणून तर मर्यादा आधी सांगायची, म्हणजे काय सांगायचं ते तिचं ती ठरवू शकते.

दुसरी गोष्ट आत्महत्येचे विचार. नवीन मुलांना वाटतं आपण विचारलं तर डोक्यात नसलेलं आपणच घालू. तसं होत नाही, उलट विचारल्यावर बऱ्याच मुलांचे खांदे खाली येतात, कुणीतरी विचारलं एकदाचं म्हणून. पायरीपायरीने जायचं, ‘सगळं नकोसं झालंय असं होतं का कधी?’, मग ‘झोपावं आणि उठूच नये असं वाटतं का?’, मग सरळ, ‘जीव द्यायचा विचार येतो का? काही ठरवलंयस का?’ गोलगोल फिरायचं नाही. उत्तर हो आलं तर त्या मुलाला बाकावर एकटं सोडून मॅडमना शोधायला जायचं नाही, मावशींना किंवा सिस्टरना हाक मारून मॅडमना बोलावून घ्यायचं आणि आपण शेजारी बसून राहायचं. नंतर घरच्यांशी बोलताना घरात काय काय ठेवलेलं असतं ते विचारायचं, शेतावरून आलेल्या कुटुंबात फवारणीचं औषध बहुतेक वेळा घरातच असतं, ते कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी जायला हवं, गोळ्या आईच्या ताब्यात. हे इतकं साधं वाटतं पण झटक्यात उचललेलं पाऊल यानेच टळतं, किशोरवयात विचार आणि कृती यात अंतर फार कमी असतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा १०९८ हे नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायचे, टेलिमानस २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आधी प्रयत्न झालेला असेल तर घरचे पोलीस केसच्या भीतीने चुकून झालं म्हणून सांगतात. त्यांना हे सांगता आलं पाहिजे की मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड तणावाखाली होता असंच धरलं जातं, आणि आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तसं राहिलेलं नाही. हॉस्पिटलमध्ये एमएलसीची (मेडिको-लीगल केसची) नोंद होते ती वेगळी गोष्ट, ती म्हणजे पोराला आरोपी करणं नव्हे. हा फरक समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात पण त्यानंतर खरी हिस्ट्री मिळते.

लाजेबद्दल पुस्तकात स्टिग्मा म्हणून एक धडा असतो, ओपीडीत तो केसपेपरवरच्या शिक्क्याच्या रूपात येतो. ‘मॅडम, मानसोपचार असं लिहू नका ना, उद्या हिचं लग्न जमवायचंय.’ अशा आईला लेक्चर देऊ नको, तिची भीती खोटी नाहीये, तिने आजूबाजूला बघितलेलं असतं. कागद कोण बघू शकतं, शाळेला काय कळवलं जाईल आणि काय नाही, हे तिला स्पष्ट सांग. शाळेला पत्र द्यायचं झालं तर घरच्यांना आणि मुलालाही विचारून, आणि त्यात निदानाचं नाव टाकायची गरज नसते, उपचार चालू आहेत, अमुक महिनाभर हजेरीत आणि गृहपाठात सवलत द्यावी एवढं पुरतं. ‘बाहेरचं आहे’ म्हणून आधी देवरुषाकडे जाऊन आलेली माणसं पण खूप येतात. त्यांना हसायचं नाही की रागवायचं नाही, तिथे किती पैसे गेले आणि पोराला मारहाण, चटके असं काही झालं का एवढं मात्र विचारायचं, कारण ती बाब वेगळी आहे आणि त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. अंगारा लावतायत तर लावू देत, गोळी बंद करू नका, एवढ्यावर बहुतेक घरं तयार होतात.

फॉर्मांबद्दल पण तू नाराज दिसतेस. मतिमंदत्व किंवा ऑटिझम असलेल्या मुलाचं यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, निरामय या आरोग्य विम्याचा एक लाखापर्यंतचा कव्हर, संजय गांधी निराधारचा अर्ज, वडील वारलेल्या मुलासाठी बालसंगोपन योजना, एलडी असलेल्याला बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक, या प्रत्येक कागदामागे कुणाचं तरी शिक्षण किंवा घरातलं जेवण अडकलेलं असतं. मुंबईत एलडीच्या सर्टिफिकेटसाठी सायन, नायर, केईएमला गर्दी असते, टेस्टिंगला दोनतीन फेऱ्या होतात, म्हणून दहावीच्या पोराचे पालक परीक्षेच्या तोंडावर आले तर हात बांधले जातात, तेव्हा आठवी-नववीतच विषय काढायचा. आणि आठवीपर्यंतच्या मुलाला वागणुकीमुळे शाळेतून काढायची धमकी देत असतील तर शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये त्याला मनाई आहे, हे मुख्याध्यापकांना नम्रपणे पण ठामपणे सांगता यायला हवं. मी तर म्हणेन काउन्सेलिंगची दोन सेशन्स कमी बघितलीस तरी चालेल पण हे शिकून घे.

अर्थात सगळं वर्ष फक्त फॉर्म भरण्यातही जायला नको. त्यासाठी स्वतः मागावं लागतं. आयसी, म्हणजे सुपरवायझरबरोबरची इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स, दर आठवड्याला ठरलेल्या वेळी होते का? फक्त रिपोर्टवर सही होत असेल तर ती आयसी नव्हे. मॅडमना सांग की मला दोन कुटुंबं सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्याकडे द्या, इनटेक म्हणजे पहिल्या भेटीची नोंद, घरभेट, शाळेत जाणं, पालकांबरोबरच्या बैठका, सगळं मी करते आणि तुम्ही बघा. पहिली घरभेट एकटीने करायची नाही. रेसिडेंट डॉक्टरांबरोबर सेशनला बसायची परवानगी माग, त्यांनाही केसचं घर-शाळा कळलेलं हवं असतं, तू ती माहिती घेऊन गेलीस की ते स्वतःहून बसवून घेतात. पालकांचा ग्रुप वेटिंगमध्येच घेता येतो, नाहीतरी दोन तास बसलेलेच असतात सगळे. आणि जर आयसीच होत नसेल, आणि आत्महत्येचा धोका असलेली मुलं तुझ्या एकटीवर सोपवत असतील, तर कॉलेजच्या फॅकल्टी सुपरवायझरला लेखी कळव. यात तक्रारखोरपणा नाही, त्या मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

छोट्या गोष्टी पटकन. जर्नलमध्ये नाव, पत्ता, शाळा लिहायची नाही. केसपेपरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर कधीच नाही, क्लास ग्रुपवर तर नाहीच. स्वतःचा मोबाइल नंबर मुलांना देऊ नको, इन्स्टाची रिक्वेस्ट आली तर स्वीकारायची नाही आणि का नाही ते पुढच्या भेटीत समजावून सांग. रिसर्च प्रोजेक्टमध्ये सगळे १३ ते १७ वयोगटातल्या मानसिक आजारांचा ७.३ टक्के हा आकडा टाकतात, तो २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचा आहे आणि त्या सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हता. म्हणून परवानगी घेऊन तुमच्याच ओपीडीच्या रजिस्टरवर काम कर, किती जण दुसऱ्या भेटीला येत नाहीत आणि ते कुठल्या भागातले आहेत, हे विभागाच्याही उपयोगाचं होईल.

मार्चमध्ये तुझं फील्डवर्क संपेल. मुलांना ते जानेवारीतच सांग, तारखेसकट. ज्या मुलाला आधीच कुणीतरी सोडून गेलेलं असतं त्याला ताई एक दिवस अचानक दिसेनाशी झाली हे फार लागतं, आणि मग ते ओपीडीतच यायचं बंद होतं. शेवटच्या दोन भेटींत पुढे कोण बघणार त्या व्यक्तीला बरोबर बसव आणि हॅन्डओव्हर लिहून दे, डॉक्टरांना कळेल अशा भाषेत, एका पानात.

पुढे याच क्षेत्रात यायचं असेल तर, २०१७ च्या कायद्याने सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणजे एमएसडब्ल्यूनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल केलेला माणूस असं ठरवलंय. बेंगळुरूचं निम्हान्स, रांचीचं सीआयपी, तेजपूरची संस्था या मानसोपचार संस्था ही त्याची जुनी ठिकाणं. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) एमफिल ही पदवी सगळीकडे बंद केली पण क्लिनिकल सायकॉलॉजी आणि आपल्या या कोर्सला २०२५-२६ पर्यंत मुदत दिली होती, त्यामुळे प्रॉस्पेक्टस मागवायच्या आधी यूजीसीची ताजी नोटीस आणि त्या त्या संस्थेची साइट स्वतः बघ, कुणाच्या सांगण्यावर फी भरू नको. तोपर्यंत तुझ्या त्या दोन कुटुंबांच्या केसेस पूर्ण लिहून ठेव, इंटरव्ह्यूला केस सांगायला लावतात आणि तिथे हिस्ट्री कोणी मन लावून घेतलीय ते लगेच कळतं.